मोठा काटा तीन रेषा पुढे थांबतो, म्हणून मशीन बदलायचं?

पत्र: लग्नात सासऱ्यांनी स्टीलच्या चेनचं क्रोनोग्राफ, म्हणजे आत थांबघड्याळही असलेलं, घड्याळ दिलं, त्याला आता तीन वर्षं होतील. मोठा काटा (मिनिटांचा नव्हे, मधला लांब सेकंदाचा) नुसता उभा असलेला बरा दिसत नाही म्हणून वरचं बटण दाबून मी तो कायम फिरता ठेवायचो. श्रावणात घड्याळ बंद पडलं. बाजारातल्या एका टपरीवर सेल बदलून घेतला, पाच मिनिटांत काम झालं. तेव्हापासून मोठा काटा बारावर न थांबता तीन रेषा पुढे थांबतो. खालचं बटण दाबलं की फिरून पुन्हा तिथेच येतो. चालू केला की एकेक सेकंद टकटक करत जातो, तेवढं ठीक आहे. तारीख भर दुपारी बदलते. एसी ऑफिसात शिरलो की काचेवर आतून वाफ धरते. दुसऱ्या दुकानात दाखवलं तर ‘मशीन गेलं, पूर्ण बदलावं लागेल’ म्हणाले. शिवाय चेन ढिली आहे आणि कड्यांच्या फटीत तांबूस डाग दिसतात. हे खरंच स्टील आहे ना? मागे १०० मीटर लिहिलंय, गुहागरला पोहताना घातलं तर चालेल का? आणि काचेभोवतीचे ४००, ३००, २०० हे आकडे कशाचे? — एक वाचक, चिपळूण

उत्तर: मशीन गेलेलं नाही. बिघडलेल्या मशीनचा काटा कधी दोन रेषा पुढे, कधी सात रेषा मागे, कधी मध्येच अडून बसतो. तुमचा दर वेळी नेमका तिसऱ्या रेषेवर येतो, म्हणजे तो आपलं काम चोख करतोय. त्याचं ‘शून्य’ तेवढं चुकीच्या जागी नोंदलं गेलंय. काटा, तारीख आणि वाफ या तिन्ही तक्रारी सेल बदलण्याच्या त्या पाच मिनिटांतल्या आहेत. साध्या तीनकाटी घड्याळात झाकण उघडलं, जुना सेल काढला, नवा घातला, झाकण दाबलं की बहुतेक काम झालं. क्रोनोग्राफमध्ये त्यापुढेही कामं असतात आणि ती राहून गेली आहेत.

काटा आणि तारीख तुम्ही आज घरबसल्या नीट कराल. वाफेचं मात्र थांबण्यासारखं नाही, म्हणून ते आधी.

एसीत शिरल्यावर काच गार होते आणि आत अडकलेली दमट हवा तिच्यावर जमते. बाहेर आल्यावर वाफ गेली म्हणजे पाणी गेलं असं नाही, ते फक्त पुन्हा हवेत मिसळलं. ते आतच राहिलं की पहिल्यांदा काट्यांच्या कडा आणि तबकडीवरचे आकडे डागाळतात. पुढे सेलच्या पट्ट्या गंजतात, आणि मोटरच्या गुंडाळीची तार केसापेक्षा बारीक असते, ती एकदा कुजून तुटली की मग खरोखरच मशीन बदलावं लागतं. आज जे नाही ते दोन महिन्यांत व्हायला नको.

वाफ शिरली कुठून? क्रोनोग्राफला साध्या घड्याळापेक्षा दोन भोकं जास्त, वरच्या आणि खालच्या बटणाची. तरी इथे संशय पहिला मागच्या झाकणावर. झाकणाच्या खोबणीत सुतळीहून बारीक असं काळं रबराचं कडं असतं, त्याला दुकानात वॉशर किंवा रिंग म्हणतात. झाकण उघडताना ते बाहेर येतं, किंचित ताणलं जातं, आणि घाईत परत बसवलं की एका जागी खोबणीबाहेर राहून झाकणाच्या कडेखाली चेपतं. एवढी फट पावसाळ्यातल्या हवेला पुरते. कधी वॉशर नीट असतो, पण त्यावर एखादा केस किंवा फडक्याचा धागा राहतो. भर श्रावणातल्या दमट हवेत झाकण लावलं गेलं, तीच हवा आत बंद झाली, हेही आहेच.

खात्री करायची तर घरी एक चाचणी करता येते. चार्जरसारख्या कोमट, हाताला सहज सोसेल इतक्याच गरम जागेवर घड्याळ वीस मिनिटं ठेवा. मग काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब सोडा, मिनिटभरानं पुसा आणि लगेच बघा. थेंबाच्या जागी आतून धुरकट ठिपका दिसला तर आत दमटपणा आहे. घड्याळाच्या कारखान्यांतली तपासणी याच तत्त्वावर चालते, फक्त तिथे गरम पट्टीचं तापमान ४० ते ४५ अंशांवर बांधलेलं असतं.

तांदळाच्या डब्यात ठेवू नका. चावी बाहेर ओढून ठेवली तरी तिच्या नळीतलं रबर जागेवरच असतं, तांदळाला आतली हवा मिळतच नाही; उलट पीठ मात्र बटणांच्या फटीत बसतं. केस वाळवायचं यंत्रही नको, त्यानं आतली वाफ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते आणि काच चिकटवलेली असेल तर ती जागाही ढिली होते. वाफ बाहेर काढायचा रस्ता एकच: झाकण उघडणं. दुरुस्तीवाल्याकडे न्या, झाकण उघडून सेल काढायला सांगा, आणि घड्याळ झाकण उघडंच ठेवून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात एक रात्र राहू द्या. सकाळी सेलच्या पट्ट्यांवर पांढरट किंवा हिरवट काही आहे का ते भिंगातून बघायचं, असेल तर साफ करायचं, मग नवा वॉशर. नवा म्हणजे त्याच व्यासाचा आणि त्याच जाडीचा. जाड बसवला तर झाकण पूर्ण बसत नाही, बारीक बसवला तर दाबच येत नाही. बसवण्याआधी वॉशरवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा, नुसती चमक येईल इतकाच. व्हॅसलिन किंवा मशीनचं तेल नको, त्यानं काही जातींचं रबर फुगतं.

झाकण आहे कुठलं हेही बघून ठेवा. कडेला एकच छोटी खाच असेल तर ते दाबून बसणारं. सभोवती पाच-सहा खाचा असतील तर आट्यांचं. दाबायचं झाकण प्रेसवर, घड्याळाच्या मापाचे गोल ठोकळे लावून बसवतात. अंगठ्यानं किंवा पकडीनं दाबलं तर काच तडकते, नाहीतर झाकण एका बाजूनं किंचित वर राहतं. नखानं कडेवरून फिरवून बघा, कुठे पायरी लागली तर ते बसलेलं नाही.

सेल काढला जाईल तेव्हा त्यावरचा नंबर वाचा. या एका गोष्टीवर पुढचं बरंच अवलंबून आहे. क्रोनोग्राफमध्ये साधारणपणे ९.५ मिलिमीटर व्यासाचा सेल असतो. सिल्व्हर ऑक्साइड सेलवर ‘एसआर’नं सुरू होणारा नंबर किंवा ३९४, ३९५, ३९९ असा तीन आकडी नंबर असतो. ३९४ म्हणजे ३.६ मिलिमीटर जाड. ३९५ आणि ३९९ दोन्ही २.७ मिलिमीटर जाड, मापानं जुळी भावंडं, पण ३९९ जास्त वीज एकदम ओढणाऱ्या मशीनसाठी. सेलवर ‘एलआर’ किंवा ‘एजी’ असेल तर तो अल्कलाइन. खेळण्यातल्या, कॅलक्युलेटरमधल्या त्या पट्टीवर दहा येतात ना, तो. आकार तोच, म्हणून बसतो. पण सिल्व्हर ऑक्साइडचा दाब १.५५ व्होल्टवर शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, अल्कलाइनचा पहिल्या दिवसापासून उतरत जातो, आणि संपल्यावर तो पाझरण्याची शक्यताही जास्त. क्रोनोग्राफचा मोठा काटा शून्यावर आणताना मोटरला भराभर धक्के द्यावे लागतात. दाब उतरलेला असेल तर त्यातले दोन-चार धक्के वाया जातात आणि काटा बाराच्या अलीकडे पडतो. त्यामुळे पुढे सांगितल्याप्रमाणे शून्य नीट केल्यावरही आठ-पंधरा दिवसांत काटा पुन्हा सरकला, तर मशीनला दोष देण्याआधी सेल बदला.

तो काटा कायम फिरता ठेवण्याबद्दल. घड्याळ चाललंय हे सांगणं त्याचं कामच नाही. पुष्कळ क्रोनोग्राफमध्ये चालू सेकंद सहाच्या वरच्या छोट्या तबकडीत असतात; मोठा काटा हा थांबघड्याळाचा, तो बारावर उभा राहण्यासाठीच आहे. त्याला वेगळी मोटर हलवते, आणि ती दिवसरात्र चालली की सेल ठरल्या मुदतीच्या बराच आधी संपतो. सेलची दोन-तीन वर्षांची मुदत कंपन्या देतात ती थांबघड्याळ दिवसातून थोडाच वेळ वापरलं जाईल हे धरून. बाजारात नवीन क्रोनोग्राफ घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी ‘सेकंदकाटा बंद आहे’ म्हणून परत येतो, हे प्रत्येक दुकानदाराच्या ओळखीचं आहे. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

आता काटा. तुम्ही लिहिलंय की तो एकेक सेकंद टकटक जातो आणि खालचं बटण दाबलं की फिरून जागेवर येतो. हे एक वाक्य सगळं सांगून जातं. यात काटा मोटर फिरवते, आणि मोटरला बारा कुठे आहे ते दिसत नाही; तुम्ही सांगितलेली जागा ती लक्षात ठेवते. सेल काढला की ती आठवण पुसली जाते आणि सेल घालताना काटा जिथे असेल तेच नवं शून्य ठरतं. मियोटा या जपानी कंपनीच्या ओएस२० जातीची मशीनं अशी चालतात आणि ती पुष्कळ ब्रँडच्या घड्याळांत असतात: नऊला साठ मिनिटांची तबकडी, सहाला सेकंद, तीनला चोवीस तास.

ते नीट करायचं असं. काटा फिरत असेल तर वरच्या बटणानं थांबवा, खालच्या बटणानं परत आणा. तो आपल्या तिसऱ्या रेषेवर उभा राहील. चावी आटे लावून बसवलेली असेल तर आधी उलटी फिरवून मोकळी करा. मग चावी दोन टिचक्या बाहेर ओढा, जिथे वेळ लावतो तिथपर्यंत. सहाच्या तबकडीतला छोटा सेकंदकाटा थांबला की समजा पोचलात. आता वरचं, म्हणजे दोनच्या जवळचं बटण एकदा दाबा आणि सोडा. मोठा काटा एक रेषा पुढे सरकेल. तो मागे येत नाही, पुढेच जातो, म्हणून तिसऱ्या रेषेवरून बारावर यायला सत्तावन्न पावलं आहेत. बटण दाबून धरलं तर तो पळत जातो. पन्नासच्या आसपास बोट उचला आणि उरलेल्या रेषा एकेक दाबून घ्या. समोरून, एका डोळ्यानं बघा. तिरकं बघितलं तर अर्ध्या रेषेचा फसवा फरक दिसतो. काटा बारावर पूर्ण थांबल्यानंतरच, घाई न करता, वेळ लावून चावी आत ढकला.

या शेवटच्या वाक्यातच बहुतेकांची गोची होते. काटा अजून फिरत असताना चावी आत ढकलली तर तो वाटेत जिथे थांबेल तेच मशीन शून्य म्हणून लक्षात ठेवतं. तुमच्या टपरीवर बहुधा नेमकं हेच झालं, किंवा हे काम केलंच गेलं नाही. दोन्हीचा परिणाम एकच.

हे करून काटा हललाच नाही तर मशीन दुसऱ्या जातीचं असेल. स्विस रोंडा ५०३०मध्ये चावी शेवटच्या टिचकीवर ओढून दोन्ही बटणं एकदम किमान दोन सेकंद दाबून धरावी लागतात. मोठा काटा एक पूर्ण गिरकी घेतो, म्हणजे दुरुस्तीची अवस्था सुरू झाली. मग वरचं बटण काटा हलवतं आणि खालचं पुढच्या काट्याकडे नेतं, कारण त्यात छोट्या तबकड्यांचे काटेही वेगळे शून्यावर आणायचे असतात. सायको (Seiko) या जपानी कंपनीची व्हीके६३, व्हीके६४ ही मशीनं तिसरी तऱ्हा. त्यांचा मोठा काटा सेकंदाला पाच पावलं टाकत सळसळत जातो आणि खालचं बटण दाबताच फिरत नाही, टपकन उडी मारून बारावर येतो, कारण आत काट्यासोबत फिरणारा बदामाच्या आकाराचा तुकडा (कॅम) असतो आणि त्यावर हातोडीचा ठोका बसतो. जुन्या चावीच्या क्रोनोग्राफमधली हीच युक्ती. असा काटा सारखा तीन रेषा पुढे येत असेल तर तो आपल्या दांड्यावरच सरकलेला असतो. तिथे घरचा उपाय नाही, घड्याळ उघडून काटा उचलून पुन्हा बसवावा लागतो. तेही अर्ध्या तासाचं काम आहे, मशीन बदलण्याचं नव्हे. या जातीत काटा फिरत असताना खालचं बटण दाबायची सवय ठेवू नका. आधी थांबवा, मग परत आणा.

दुकानात गेल्यावर एक विचारा: सेल घातल्यानंतर ‘एसी’ बिंदू टेकवला का? सायकोच्या बनावटीच्या पुष्कळ क्रोनोग्राफ मशीनांवर सेलजवळ ‘एसी’ अशी दोन अक्षरं असतात. नवा सेल बसवल्यावर धातूच्या चिमट्याचं एक टोक त्या बिंदूला आणि दुसरं सेलच्या वरच्या बाजूला दोनेक सेकंद टेकवायचं, म्हणजे आतलं सर्किट नव्यानं सुरू होतं. हे राहिलं तर काटे थबकतात, बटणं ऐकत नाहीत, आणि ‘मशीन गेलं’ हा निकाल लागतो. विचारल्यावर समोरचा माणूस गोंधळला तर घड्याळ उचलून पुढच्या दुकानात जायला हरकत नाही. आणि झाकण उघडलेलं असतानाच मोबाइलवर मशीनचा एक फोटो काढून ठेवा. त्यावरचा नंबर पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला उपयोगी पडतो.

तारखेचं सोपं आहे. सेल बदलणाऱ्यानं बारा वाजवले, पण दुपारचे की रात्रीचे हे बघितलं नाही. चावी दोन टिचक्या ओढून काटे पुढे फिरवत राहा. तारीख उलटेल तो क्षण रात्रीचे बारा. तिथून आताच्या वेळेवर या, दुपारनंतरची वेळ असेल तर आणखी एक पूर्ण फेरी मारून. तीनजवळची छोटी तबकडी इथे कामाला येते: ती थांबघड्याळाचे तास दाखवते असं पुष्कळांना वाटतं, पण ती चोवीस तासांची आहे आणि मुख्य काट्यांशीच जोडलेली आहे. संध्याकाळी सहाला तिचा काटा १८ वर हवा, ६ वर असेल तर बारा तासांचा घोळ आहे. पहिल्या टिचकीवर तारीख पटकन बदलते, पण रात्री नऊ ते एकच्या दरम्यान ती तशी बदलू नका. त्या वेळात तारखेचं चक्र दात्यात अडकलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी तारीख उलटतच नाही. मशीनला प्रत्येक महिना एकतीसचाच माहीत, त्यामुळे १ मार्च, १ मे, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ डिसेंबरला हातानं पुढे करावी लागते.

आता सासरेबुवांची भेट खरंच स्टीलची आहे का. त्यांना विचारू नका, झाकण वाचा. ‘ऑल स्टेनलेस स्टील’ किंवा ‘स्टेनलेस स्टील केस’ लिहिलं असेल तर पूर्ण घड्याळ स्टीलचं. फक्त ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असेल तर त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा: झाकण तेवढं स्टीलचं, बाकी पितळ किंवा मिश्रधातूवर चढवलेला मुलामा. अशा घड्याळाच्या कानांच्या (चेन जिथे अडकते त्या) टोकांना, जिथे मनगट घासतं तिथे, काही वर्षांत पिवळट धातू डोकावतो. लोहचुंबकानं याचा निकाल लागत नाही, कारण घड्याळाचं चांगलं स्टील चुंबकाला चिकटत नाही आणि पितळही नाही.

तुमच्या पत्रात डाग आहे तो कड्यांच्या फटीत आणि तांबूस, म्हणजे मुलामा उडालेला नाही. तो बहुतेक वेळा कड्या जोडणाऱ्या पिनांचा गंज असतो. पिना वेगळ्या, कडक स्प्रिंगच्या पोलादाच्या असतात; त्या घाम आणि खारं पाणी तितकं सोसत नाहीत. खुद्द कड्याही डागतात, पण उशिरा. घरातल्या डब्यावर १८/८ लिहिलेलं असतं, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ती ३०४ जात. बऱ्या घड्याळांना वापरतात ती ३१६एल, तिच्यात शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठापुढे ती जास्त टिकते. पण स्टील गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि तो थर खरचटला की हवेतल्या ऑक्सिजननं पुन्हा भरून येतो. घाम, साबण आणि मेलेली त्वचा यांचा काळा चिकटा फटीत बसला की तिथे हवाच पोचत नाही. तेव्हा चेन उतरवून फक्त चेन, घड्याळ नव्हे, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून दहा मिनिटं भिजत ठेवा, मऊ दातब्रशनं फटीतून घासा, साध्या पाण्यानं धुवा आणि पूर्ण कोरडी करा. डाग परतला तर पिना बदला. पितांबरी आणि तारेचा काथ्या लांब ठेवा: कड्यांच्या मधल्या भागावर एकाच दिशेच्या बारीक रेषा असतात, त्या एकदा पुसल्या की कायमच्या.

चेन ढिली आहे तर कड्या काढण्याआधी लॉकच्या कडेला बघा. तिथे तीन ते पाच बारीक भोकांची ओळ असते आणि स्प्रिंगची दांडी एका भोकातून दुसऱ्यात सरकवून थोडं माप कमी करता येतं. त्यानं भागलं नाही तर कड्या. आतल्या बाजूला बाण कोरलेले असतील त्याच कड्या सुटणाऱ्या. बाणाच्या दिशेनं पिन ढकलायची, परत बसवताना बाणाच्या उलट दिशेनं, आणि फटीचं किंवा जाड टोक शेवटी आत जाईल असं. खाली पांढरं फडकं अंथरा. काही चेनमध्ये पिनेवर मधल्या कडीत दीड-दोन मिलिमीटरची नळी असते. ती पडून हरवली की पिन वरवर बसते आणि चार दिवसांत चेन रस्त्यात सुटते. दोन्ही बाजूंनी सारख्या कड्या काढा. विषम असेल तर जास्तीची सहाच्या बाजूनं, म्हणजे लॉक मनगटाच्या मधोमध येतं. माप दुपारी घ्या, सकाळी मनगट बारीक असतं. लॉक लावल्यावर करंगळी आत सरकली पाहिजे, अंगठा नाही. निघालेल्या कड्या पिनांसकट डबीत ठेवा.

पोहण्याबद्दल: १०० मीटर हा नव्या घड्याळाचा, स्थिर दाबाखालचा आकडा आहे. कंपनीतून निघालेलं १०० मीटरचं घड्याळ समुद्रात पोहायला चालतं. ३० मीटरचं फक्त हात धुण्यापुरतं. पण झाकण एकदा उघडलं आणि दाबाची तपासणी न करता लावलं की तो आकडा रद्द समजा. तुमचं घड्याळ आज शून्य मीटरचं आहे. वॉशर बदलल्यावर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कोरडी दाबचाचणी करून घ्या. त्यात घड्याळ पाण्यात घालत नाहीत, हवेच्या दाबानं त्याचं अंग किती दबतं ते मोजतात. ती पास झाली तर गुहागरला खुशाल घाला, चावी पूर्ण आत आणि आट्यांची असेल तर घट्ट. पाण्यात असताना बटणं मात्र दाबायची नाहीत. दाबलेल्या क्षणी दांडी रबरातून सरकते आणि सोबत पाणी ओढते. बाहेर आल्यावर गोड्या पाण्यात धुवा, कोरडं करा, मगच बटणं चाळवा; नाहीतर मीठ वाळून बटण आत रुतून बसतं. गरम पाण्याच्या अंघोळीला आणि साबणाला कुठलीच चाचणी उपयोगाची नाही, तिथे घड्याळ काढूनच ठेवायचं.

राहिले काचेभोवतीचे आकडे. ती टॅकिमीटरची पट्टी. हिशेब साधा: ३६०० भागिले सेकंद. मुंबई-गोवा महामार्गावर एका किलोमीटरच्या दगडाशी वरचं बटण दाबा, पुढच्या दगडाशी पुन्हा दाबा. ४५ सेकंद लागले तर काटा ८० समोर उभा असेल, तोच ताशी वेग. ३६ सेकंदांना १००, साठला ६०. बटण दाबायचं काम शेजारी बसलेल्याचं, चालवणाऱ्याचं नाही. काटा तीन रेषा पुढून निघत असेल तर ४५ ऐवजी ४८ वर थांबेल आणि ८० चे ७५ होतील, म्हणून आधी शून्य. साठ सेकंदांच्या पुढे पट्टी संपते. रिक्षाचा वेग मोजायचा तर अर्धा किलोमीटर धरा आणि दिसलेला आकडा निम्मा करा. अंतराशिवायही ती चालते: एक मोदक वळायला ४५ सेकंद लागले तर काटा पुन्हा ८० वरच, म्हणजे हात न थांबता ताशी ऐंशी मोदक.